समोरच्या दारातला फोरम

सुजाताच्या डोळ्यांत डॉली खुपत होती, ती काही आजची नव्हे. शारजाच्या त्या इमारतीत दोघींची दारं समोरासमोर. वसईच्या डॉलीचं दार सदानकदा सताड उघडं, बाहेर चपलांचा ढीग, आत मजल्यावरची यच्चयावत पोरं. त्यातच सुजाताचा तनिष. आणि सुजाताकडे? नव्या सोफ्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक. कोण येणार तिथे, डोंबल!

दोन हजार एक साली शाळेने सहावीला प्रोजेक्ट दिला, जुन्या शहरांतल्या लोक जमायच्या जागा. डॉलीच्या स्टॅनलीला ग्रीकांचा अगोरा आला, तनिषला रोमनांचा फोरम. सुजाता कंबर कसून बसली. थर्मोकोलचं देऊळ, न्यायसभा, खडूचे खांब एका रेषेत. विलासने नुसतं बोट लावलं तर नवऱ्यावर केवढी खेकसली! स्टॅनलीचा अगोरा मात्र वाकडातिकडा, पुठ्ठ्याचा. पण त्यात मातीची माणसं दाटीवाटीने उभी होती, भांडत होती, मासे विकत होती.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळे अगोऱ्यापाशीच घुटमळले. सुजाता धुमसत उभी. शेवटी टीचर फोरमपाशी आल्या, खांबांचं कौतुक केलं आणि तनिषला विचारलं, तुमच्या बिल्डिंगमध्ये फोरम कुठेय?

"डॉली आंटीज हाउस," तनिष म्हणाला. "एव्हरीबडी जस्ट कम्स."

डॉलीने त्याचा गालगुच्चा घेतला. सुजाताच्या अंगाचा तिळपापड झाला. पोटचा पोरगा, आणि चारचौघांत दुसरीचं नाव घेतो!

गुरुवारी संध्याकाळी तिने सोफ्याचं प्लास्टिक फाडून काढलं, बटाटेवडे तळले, घरोघरी फोन करून पोरांना बोलावलं. पोरं आली. चपला ओळीने काढल्या, सोफ्याच्या काठावर अंग चोरून बसली, सांडू नये म्हणून जपून खाल्लं. 'थँक यू आंटी' म्हणाली. सगळ्यांचे डोळे दाराकडे.

"मम्मा, कॅन वी गो नाऊ?"

"कुठे?"

"समोर."

तिला 'नाही' म्हणायचं होतं. "जा," ती म्हणाली.

पाच मिनिटांत समोरून हास्याचा फवारा उडाला. सुजाता रिकाम्या सोफ्याकडे बघत राहिली. असं आहे तरी काय त्या बाईकडे? उरलेल्या वड्यांचं ताट उचलून ती तणतणत निघाली. आज तोंडावर विचारायचंच, माझ्या पोराला काय चारतेस म्हणून.

दारात त्या ढिगावर तिने आपलीही चप्पल काढली. डॉली जमिनीवर फतकल मारून कोळंबी सोलत होती. ती उठली नाही, 'ये, बस' म्हणाली नाही, आश्चर्यसुद्धा दाखवलं नाही. बोलता बोलता फक्त जरा सरकली आणि शेजारी जागा केली.

सुजाताला तिचा असा काही राग आला, की ती तिथेच बसली.