गाय, म्हैस आणि शेळी

“ह्ये लाल-लाल काय म्हणतंय?” धनाजीरावांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावत विचारलं.

“शेळीच्या दुधाची तपासणी सापडत नाही म्हणतंय.”

“आगं, मघाशी तर तू सगळं बरोबर हाय म्हणालीस!”

“बरोबरच आहे. कंपाइलरनं पास केलंय. लिंकरनं अडवलंय.”

कंपाइलर माझं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवतो आणि लिंकर त्याचे सगळे तुकडे एकत्र जोडतो. धनाजीरावांना हे दोघेही कारखान्यात कामाला ठेवलेले पण कामचुकार गडी वाटतात. वरवे बुद्रुकला त्यांचा चार खोल्यांचा कारखाना आहे. आम्ही डेअरीवर दूध तपासायचं मशीन बनवतो. तीन खोल्यांत पत्रा, वायरी आणि सोल्डरिंगचा धूर. चौथ्या खोलीत मी, एकटी. मशीनचं डोकं, म्हणजे आतला प्रोग्रॅम, मी सांभाळते, असं धनाजीराव पाहुण्यांना सांगतात. मला पाहिल्यावर पाहुण्यांना ते खरं वाटत नाही, तो भाग वेगळा.

आजवर आमच्या मशीनला गाय आणि म्हैस, दोनच दुधं ठाऊक होती. यंदा वेल्ह्याकडच्या चंद्राबाईंच्या बचत गटानं शेळीच्या दुधासाठी मशीन मागितलं. ते उद्या सकाळच्या टेम्पोनं जायचं होतं.

“पाच वाजेस्तोवर न्हाई झालं, तर म्या पुण्याच्या माणसाला फोन लावणार,” धनाजीराव म्हणाले. “त्यो म्हणतोय, ती जुनी लायब्ररी फेकून द्या, समदं नव्यानं लिवून देतो.”

ती जुनी लायब्ररी, म्हणजे दुधाचं सगळं गणित करणारे तयार तुकडे, ही माझ्याआधी हे काम बघणाऱ्या गोरख सरांची बारा वर्षं होती. मला राग आला. एका लाल ओळीपायी कुणाचं बारा वर्षांचं काम फेकायचं? शिवाय ही लाल ओळ मला चांगली ओळखीची होती. लिंकरला लोक उगाच घाबरतात. तो बिचारा जे नाही त्याला नाही म्हणतो, इतकंच. लायब्ररीत काय-काय आहे त्याची यादी मी काढून बघितली. गाईची तपासणी होती, म्हशीची होती. शेळीची नव्हती.

“मालक, माझी आई भोंगवलीत ब्लाउज शिवते, माहितीय ना? तिच्याकडं कागदाची कटिंग असते. तशी सरांनी तपासणीची एक कटिंग केली होती, कुठल्याही दुधाला चालेल अशी. तिला आम्ही टेम्प्लेट म्हणतो. पण कटिंग त्यांनी स्वतःकडं ठेवली आणि आपल्याला दोन ब्लाउज शिवून दिले. चौतीसचा आणि छत्तीसचा. आता चाळीसचं गिऱ्हाईक आलंय.”

“मग शीव की चाळीसचा!”

“कशावरून? कटिंग नसरापूरला सरांच्या घरी आहे.”

धनाजीराव जरा ओशाळले. कारण तो हुकूम त्यांचाच होता. कारखाना नवा असताना कुणीतरी त्यांच्या मशीनची हुबेहूब नक्कल केली होती. तेव्हापासून त्यांनी सरांना बजावलं होतं, आतलं गणित कारखान्यातसुद्धा ठेवायचं नाही. सरांनी ते अक्षरशः पाळलं. कारखान्यात उघडी असणाऱ्या हेडर फाईलमध्ये तपासण्यांची फक्त नावं लिहिली, गणित वेगळ्या फाईलमध्ये लिहिलं आणि कारखान्याला दिली ती नुसती बांधलेली, आतलं वाचता न येणारी लायब्ररी. काही बदल लागला की सर घरी करायचे आणि पेनड्राइव्ह घेऊन यायचे. दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे नेले आणि ते येणं थांबलं. नंतर बदल लागलाच नाही, म्हणून कुणी तिकडं गेलंही नाही. त्यात मीही आले.

मी प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला आणि शेअर रिक्षा पकडली.

दार सरांच्या बायकोनं, छायाकाकूंनी उघडलं. सर पलंगावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, कुठं निघाल्यासारखे. बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा हा माणूस पस्तिसाव्या वर्षी पुस्तक समोर ठेवून प्रोग्रॅमिंग शिकला. मला कॉलेजनं जे शिकवलं नाही ते यांनी सहा महिन्यांत शिकवलं, तेही शिव्या देत.

“कोण, प्रेरणा? लिंकर अडलाय व्हय?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“त्येच्याबिगर तू यायची न्हाईस.”

मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर होता, चार्जिंगला लावलेला. वर धुळीचा कण नव्हता. “रोज सकाळी लावायला सांगत्यात,” काकू हळूच म्हणाल्या. “कंपनीतनं कुणी आलं आन् बंद पडला असला तर, म्हणून.”

फाईल उघडली. पहिल्याच ओळीवर सरांचं नाव आणि तारीख. “शेवटच्या दोन ओळी वाच,” सर म्हणाले.

“तपासणी गाय. तपासणी म्हैस.”

“तितंच. म्या कंपाइलरला सांगितलं, ह्ये दोनच तयार करून ठेव. डेअरीला शेळीचं दूध कोण घालतंय, असं वाटलं बघ. आमच्या घरात लेकरापुरतंच असायचं. चुकलं व्हय गं?”

“चुकलं, सर.”

ते मोठ्यानं हसले. मी खोटं बोलले असते तर त्यांनी मला हाकललं असतं.

“टाक तिसरी ओळ. शेळी.”

मी ओळ टाकली, लायब्ररी नव्यानं बांधली आणि माझा प्रोग्रॅम जोडला. लाल काहीच आलं नाही. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मला इतका आनंद झाला की मी काकूंनी आणलेला चहा एका घोटात संपवला आणि जीभ भाजून घेतली.

“झालं न्हवं? मग बांधलेली लायब्ररी घेऊन जा,” सर म्हणाले. “फाईल ऱ्हाऊ दे हितंच. उद्या उंटाचं दूध आलं तर परत ये. म्या हाईच.”

शेवटचे दोन शब्द ते फार सहज म्हणाले. मला निघता आलं असतं. काम झालं होतं, धनाजीराव खूश होणार होते. पण हे काम अर्धंच होतं, हे मला दिसत होतं आणि ते मला यांनीच शिकवलं होतं. चाळीसनंतर बेचाळीसचं गिऱ्हाईक येणारच. दरवेळी कारखाना एका लॅपटॉपवर अडणार आणि दरवेळी पुण्याच्या माणसाचं नाव निघणार. हा लॅपटॉप तरी किती दिवसांचा?

“सर, सगळं गणित हेडरमध्ये हलवते. मग कुठलंही दूध येऊ दे, कंपाइलर त्याची तपासणी तिथल्या तिथं तयार करेल. ओळ टाकायलाच नको.”

सरांनी मान खिडकीकडं वळवली. काकूंनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. मला वाटलं, मी फार मोठी चूक केली.

“मंग हितं कुणाला यायला लागायचं न्हाई,” ते म्हणाले.

“कामाला नाही लागायचं. मी येईन की.”

“म्हायती हाय कशी येतीस त्ये.” ते किंचित हसले. “धनाजीला इचार आधी. गणित त्येचं हाय.”

मी फोन लावला. “मालक, गणित आता कारखान्यात उघडं राहील. चालेल?”

“कारखान्यात बघतंय कोण? आमाला त्यातलं काय कळतंय? आण जा,” धनाजीराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “गोरख बरा हाय न्हवं?”

“बरे आहेत.”

मालक हो म्हणाले, असं मी सरांना सांगितलं. “हलव,” सर म्हणाले. “येकेक करून. मोठ्यानं वाच, म्हंजी काय सुटलं तर सांगतो.”

मी वाचत गेले आणि हलवत गेले. फॅट काढायच्या सूत्रात माझ्याकडून एक कंस राहिला, तो त्यांनी ऐकूनच पकडला. मग शेवटच्या तिन्ही ओळी पुसल्या आणि पुन्हा सगळं बांधलं. सगळं नीट जोडलं गेलं. सरांचं नाव आणि तारीख मी हेडरच्या पहिल्या ओळीवर नेऊन ठेवली. खाली माझं नाव घातलं नाही.

पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून मी उठले. पाया पडले तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मी चप्पल घालत असताना आतून त्यांचा आवाज आला.

“छाया, त्या लॅपटॉपची पिन काढ आता. उगं लाईट जळतीय.”

काकूंनी पिन काढली. सरांनी हात पुढं केला आणि वायर स्वतःच्या हातात घेतली. मग बोटांनी चाचपत, दुकानात गुंडाळायचे तशी, एकावर एक घट्ट वेढे देत ती गुंडाळू लागले.