चिखलाचा मान

खामफननं मागंपुढं बघितलं, रॉकेटच्या बुडाचं प्लॅस्टिक सोडलं आणि बाटलीतलं अर्धं पाणी गपचूप आत ओतलं.

त्याचंच रॉकेट. निळ्या पाइपाचं, नऊ मीटर बांबूचं शेपूट असलेलं, पोटावर सोनेरी कागदाचा नाग चिकटवलेलं. महिनाभर खपून बनवलेलं. पाणी आत मुरल्याचा बारीक आवाज आला. मग त्याला हसू फुटलं. पंचावन्न वर्षांत त्यानं गावात ज्याची खोडी काढली नाही असा एकच माणूस उरला होता, तो स्वतः. आज त्याचाही नंबर लागला होता.

प्लॅस्टिक पुन्हा बांधून, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं तो न्याहारीला गेला.

अकरा वर्षांत त्याचं एकही रॉकेट फसलं नव्हतं. वैशाखात, पेरणीच्या तोंडावर, नोंग फाई गावचे लोक वरच्या देवाला पावसाची आठवण करून द्यायला रॉकेटं सोडतात. रॉकेट वर गेलं तर ते बनवणाऱ्या टोळीला खांद्यावर घेऊन नाचवतात. फुसकं निघालं तर टोळीतल्या एकेकाला उचलून शेतातल्या चिखलात फेकतात. सरपंच असो, मास्तर असो, कुणाला सूट नाही.

सूट फक्त योस्तला.

योस्त हॉलंडचा. खामफनच्या धाकट्या बहिणीचा, लामदुआनचा नवरा. तिकडं कुठल्याशा पंपाच्या कारखान्यात जन्म काढला आणि चार वर्षांपूर्वी इथं सासूच्या घरात राहायला आला. इथं जावयानं असंच राहायचं असतं; सासूचं शेत करायचं, सासूची म्हैस बांधायची. योस्तनं ते सगळं केलं. गावातले झाडून सगळे पंप त्यानं फुकट नीट करून दिले. चिकट भाताचा गोळा बोटांनी वळायला शिकला, गावची बोली शिकला, तिच्यातल्या शिव्या आधी शिकला. तरी सगळे चटईवर जेवायला बसले की त्याच्यासाठी खुर्ची यायची. पपईच्या कोशिंबिरीत सगळ्यांना दहा मिरच्या, त्याला एक.

मागच्या वर्षी तो सरपंच थोंगमांच्या टोळीत होता. त्यांचं रॉकेट जागच्या जागी विझलं. सात जण चिखलात गेले. आठवा योस्त. त्याच्यापाशी येऊन लोकांनी हात जोडले, सावलीत खुर्ची दिली, बर्फाचं पाणी दिलं. संध्याकाळी लामदुआन भावाकडं आली.

"दादा, तासभर झाला, शर्ट धुतोय."

"मग धुऊ दे की."

"स्वच्छच आहे रे तो शर्ट."

त्या दिवसापासून खामफनच्या डोक्यात किडा वळवळत होता. यंदा त्यानं योस्तला आपल्या टोळीत घेतलं. टोळीतल्या बाकी पाच जणांना त्यानं काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या पोटात गुपित म्हणजे फाटक्या जाळ्यात मासे.

दहा वाजता मिरवणूक निघाली. ढोल, झांजा, तोंडाला पांढरी पावडर, बायकांचा नाच, म्हाताऱ्यांचा त्याहून जोरात नाच. योस्त खांद्यावर रॉकेटचं शेपूट घेऊन चालला होता आणि उंच असल्यामुळं त्याच्या बाजूनं रॉकेट तिरकं झालं होतं.

"दाजी, गुडघ्यात वाका!" खामफन ओरडला. "नाहीतर देवाच्या ऐवजी सरपंचांच्या घरात जाईल!"

"वाकलोय, दादा!" योस्त ओरडला. तो खामफनपेक्षा तीन वर्षांनी मोठा होता, पण बायकोचा थोरला भाऊ म्हणून दादाच म्हणायचा. "याहून वाकलो तर रांगावं लागेल!"

शेताच्या बांधावर सरपंच उभेच होते.

"काय खामफन, यंदा बारावं?"

"बारावं. देवाच्या खिडकीची काच फुटली तर भरून द्यायची तयारी ठेवा."

"आणि नाही उडालं तर? अकरा वर्षं हात शिवशिवतायत आमचे."

"शिवशिवू देत. तेवढाच व्यायाम."

लोक हसले. खामफनही हसला. बांबूच्या उंच शिडीवर रॉकेट चढवलं, बांधलं. ध्वनिक्षेपकावर शाळेचे मास्तर होते. ते वर्षभर पोरांवर ओरडत आणि या दिवशी गावावर.

"आता येतंय खामफनचं रॉकेट! अकरा वर्षं न हरलेलं! विमानवाल्यांनो, बाजूला व्हा!"

वात पेटली. माणसं मागं पळाली. योस्त मात्र दोनच पावलं मागं सरला, मान वर करून, मुठी आवळून.

"पाच! चार! तीन! दोन! एक!"

रॉकेट खोकलं. बुडातून पिवळट धूर आला, पाण्याचे चार थेंब टपकले आणि एक लांबलचक, ओशाळवाणी फुस्स झाली. सोनेरी नाग जागचा हलला नाही.

क्षणभर ढोलसुद्धा थांबले.

"मंडळी," मास्तर हळूच म्हणाले, "रॉकेटला सर्दी झालीय."

मग जो गलका उठला! अकरा वर्षांचं साचलेलं सुख एकदम बाहेर पडलं. बाया टोपल्या टाकून धावल्या. सरपंचांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. खामफनला कुणी पाय धरून, कुणी पट्टा धरून उचललं, दोन झोके दिले आणि फेकलं. कानात, नाकात, दातांत चिखल. त्याच्या मागोमाग धपाधप बाकीचे पाच.

खामफननं डोळे पुसून बांधाकडं बघितलं. योस्त तिथंच उभा होता. कोरडा. भोवती लोक हात जोडून उभे होते आणि कुणीतरी गर्दीतून डोक्यावरून खुर्ची आणत होतं.

"त्यालाही टाका!" खामफन ओरडला. "त्याचंही रॉकेट आहे!"

"गप रे! पाहुणा माणूस आहे, जरा लाज बाळग!"

"मी टोळीत आहे," योस्त म्हणाला, गावच्याच बोलीत. "रॉकेटची दारू मी कुटली. मी भरली."

"छान कुटली, साहेब," सरपंच अदबीनं म्हणाले. "ऊन फार आहे. बसा."

कुणीतरी त्याच्या हातात बर्फाच्या पाण्याचा पेला दिला. योस्त खाली बसला. पेला गुडघ्यावर धरून तो चिखलातल्या सहा जणांकडं बघत राहिला, आणि ओळखीचं कुणी दिसलं की माणूस हसतो तसा हसला.

खामफननं तोंडातला चिखल थुंकला. अकरा वर्षांची अब्रू घालवली होती, ती एका खुर्चीसाठी.

तेवढ्यात मंडपाखालून आई निघाली. बुनलियांग, वय एक्याऐंशी, एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं लुंगीचा घोळ सावरलेला. गर्दीनं वाट दिली. ती जावयासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या हातातला पेला घेतला आणि शेजारच्याला दिला. मग त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, घडी घातली, कनवटीला खोचला. मनगटावरचं घड्याळ काढलं. शर्टाचा खिसा चाचपून फोन काढला.

"भिजलं तर लामदुआन मला बोलेल," ती म्हणाली.

योस्त डोळे बारीक करून तिच्याकडं बघत होता. चष्म्याशिवाय त्याला ती नीट दिसतही नसावी.

आई सरपंचांकडं वळली.

"चार वर्षं माझ्या घरात जेवतोय. चार वर्षं कुणाकडं पाहुणा असतो का रे? की हात गळले तुमचे?"

सरपंचांनी एकदा म्हातारीकडं बघितलं, एकदा खुर्चीकडं.

"उचला," ते म्हणाले.

सहा जण लागले. "जड आहे रे!" "पाय धर, पाय!" "पाय संपतच नाहीत याचे!" एक झोका, दोन झोके. तिसऱ्याला योस्त हवेत गेला, त्या दिवशी नोंग फाईतून खामफनच्या टोळीचं जे काही वर गेलं ते तेवढंच, आणि असा आदळला की चिखल सरपंचांच्या दाढीपर्यंत उडाला. मास्तरांनी हवेतला वेळ सांगितला: "दीड सेकंद!"

योस्त वर आला तेव्हा चिखलात फक्त दोन निळे डोळे दिसत होते. तो काही बोलायच्या आत चार बाया आल्या आणि त्यांनी त्याला पुन्हा दाबला. तो ओरडत होता, खोकत होता, गावच्या बोलीतल्या सगळ्या शिव्या एकेक करून देत होता, आणि बाया तितक्याच झोकात परत देत होत्या.

गर्दी पुढच्या रॉकेटाकडं पांगली तेव्हा खामफन सरपटत त्याच्याजवळ आला. चेहरा शक्य तितका दुःखी केला.

"काय झालं कळेना बघा, दाजी. अकरा वर्षांत असं कधी झालं नाही."

"ओलं होतं," योस्त म्हणाला.

"ओलं? कसं ओलं?"

योस्तनं ओठांवरचा चिखल पुसला. "तू न्याहारीला गेलास ना सकाळी, तेव्हा मी तिथं गेलो होतो. तांब्याभर पाणी घेऊन. प्लॅस्टिक सोडलं, तर आधीच ओलं. मग तांब्या म्हशीला पाजला."

वर बांधावरून सरपंच ओरडत होते, "आता पुरे! बाहेर या की, दोघंही!"

दोघांपैकी कुणीच हललं नाही.