वर राक्षस, आत मंगळू

मी राक्षस बोलतोय. घाबरू नका, चावायची ताकद आता उरलेली नाही. माझे सुळे लाकडाचे, त्यातला एक उंदरांनी कधीच कुरतडून नेला. खर्डीच्या आतल्या अंगाला एका पाड्यावर, मंगळूच्या घरात, आढ्याला बांधलेल्या दोरीवर मी लटकतोय. चुलीचा धूर खातो आणि खालच्या माणसांचं बोलणं ऐकतो.

मंगळूच्या आज्यानं मला पांगाऱ्याच्या खोडातून कोरलं. पांगारा हलका, कितीही नाचलं तरी मान मोडत नाही. बोहाडा आमच्याकडचा सोंगांचा उत्सव. देवांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे चढवून संबळ-पिपाणीवर नाचायचं. त्या मुखवट्यालाच सोंग म्हणतात. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं ते पूर्वापार ठरलेलं. देवी जगनच्या घराकडे आणि मी मंगळूच्या. शेवटच्या दिवशी उन्हं वर आली की देवी मला मारायची आणि बोहाडा उठायचा.

म्हणजे माझा जन्म मार खाण्यातच गेला. पण तो मार कसला? सोंगाच्या आतून धड दिसत नाही. नाकपुड्यांच्या भोकांतून समोरच्याचे पाय दिसले तर दिसले. सगळा भरवसा संबळावर. ठरलेल्या ठोक्याला देवीची लाकडी तलवार वीतभर अलीकडे थांबायची आणि मंगळूचा बाप लखमा धाडकन अंग टाकायचा. मग देवी झालेला जगनचा बाप सोंग उतरवून त्याला हात द्यायचा, "लागला नाय ना रं?" म्हणून विचारायचा आणि दोघं एका ताटात जेवायला बसायचे. मेलेल्याची विचारपूस केल्याशिवाय मारणाऱ्यानं घास घ्यायचा नाही, अशी रीतच होती.

नव्वदच्या सुमाराला शहापूरहून भाड्याचा टीव्ही आणि व्हिडिओ पाड्यावर येऊ लागला. पोरं वर्गणी काढून शाळेच्या पडवीत सिनेमे लावत. मी त्याला नावं कशाला ठेवू? मीही तमाशाच की! माझा मुडदा पडताना बघायला पाच गावची माणसं लेकरं खांद्यावर घेऊन यायची. चाळणीनं सुईला भोकाबद्दल हसू नये.

लखमा वारला होता आणि मी मंगळूच्या डोक्यावर आलो होतो. मंगळू आपला खालमानेचा गडी, शेताचं बघावं, रानातून डिंक आणावा, घरी यावं. जगनचं तसं नव्हतं. तो रोज आसनगावला गोदामात कामाला जायचा, बाजारच्या दिवशी शहापुरात व्हिडिओ बघायचा, परत येताना केस मागे वळवून अर्धं हिंदी बोलायचा. बापाची देवी आता त्याच्या डोक्यावर आली होती, पण ती त्याला मिळमिळीत वाटायला लागली.

"पब्लिकला फाइट पायजे," तो म्हणाला. "खरी वाटली पायजे."

म्हाताऱ्यांनी त्याला अडवलं नाही. त्यांनाही ती फाइट बघायचीच असणार.

त्या वर्षी जगननं लोखंडी पट्टीची तलवार आणली. संबळाचा ठोका पडला आणि तलवार थांबलीच नाही. माझं शिंग तडकलं, मंगळूची भुवई फुटली. त्याचं रक्त माझ्या तोंडातून खाली गळलं आणि लोकांनी शिट्ट्यांनी रान उठवलं. "वन्स मोअर!" कुणीतरी ओरडलं. मंगळूला बखोटीला धरून उभं केलं आणि जगननं तोच वार परत केला. पोरांनी जगनला खांद्यावर नाचवत नेलं. मंगळूला लागलं का, हे कुणी विचारलं नाही. ते ताटही त्या दिवशी वाढलं गेलं नाही. मला फार वाईट वाटलं.

पुढचं वर्षभर पोरं मंगळू दिसला की "वन्स मोअर" ओरडायची. गिरणीवर ओरडली, बाजारात ओरडली, एकदा तर मयताला ओरडली. तो हसण्यावारी न्यायचा आणि घरी आला की जेवण तसंच सोडून उठायचा.

"जेव ना रं," बायको, सावळी, म्हणायची.

"भूक नाय."

जो कधी व्हिडिओला फिरकला नव्हता, तो आता पहिल्या रांगेत जाऊन बसू लागला. काय बघायचा ते मला नंतर कळलं. बोहाड्याची तालीम सुरू झाली, मी डोक्यावर चढलो आणि आत तो पुटपुटत असलेला ऐकू आला. सगळी सिनेमातली वाक्यं, सगळी बदल्याची. ज्याचा अपमान झाला त्यानं शेवटी मारायचं असतं आणि मग लोक टाळ्या वाजवतात, एवढं त्यानं त्या पेटीकडून घेतलं होतं. दोघंही तेच शिकले होते. जगनला वाटत होतं हिरो तो, मंगळूला वाटत होतं आपण. राक्षस व्हायला कुणीच तयार नव्हतं. मी मात्र मंगळूच्या डोक्यावर होतोच.

शेवटच्या दिवशी मंगळूच्या कमरेच्या आकडीत कोयता होता. आमच्याकडे माणूस रानात जाताना कमरेला आकडी बांधतो, तिच्यात कोयता अडकवतो. ते रोजचंच, म्हणून कुणाला खटकलं नाही. मला खटकलं, पण लाकडाला ओरडता येत नाही.

संबळानं ठोका दिला. पडायच्या ठिकाणी मंगळू पडला नाही. कोयता जगनच्या उजव्या कोपराखाली बसला.

आणि काय सांगू, लोकांनी शिट्ट्या मारल्या! त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. पुन्हा तोच आवाज आला, "वन्स मोअर!" मंगळूनं हात वर उचललाही होता. तेवढ्यात सावळी गर्दीतून आत घुसली आणि त्याच्या हाताला लोंबकळली. "रगत हाय रे, खरा रगत हाय!" ती किंचाळली, तेव्हा कुठे संबळ थांबला.

मंगळूला सात वर्षांची सजा झाली. व्हिडिओचा परिणाम, असं त्याचा वकील म्हणाला. पाड्यानंही मान डोलावली आणि व्हिडिओ बंद केला. बोहाडाही बंद पडला. शिट्ट्या कुणी मारल्या, याची मात्र चौकशी झाली नाही. मंगळू सुटून आला तोवर घरोघर टीव्ही आला होता. आता संध्याकाळी खालून धडाधड गोळ्यांचे आवाज येतात आणि माणसं भाजी वाढून घेतात.

परवा दुपारी जगन दारात आला. उजवा हात कोपराखाली वाळल्या वेलासारखा लोंबत होता. मंगळू सुटल्यापासून दोघं एकमेकांसमोर आले नव्हते.

"बोहाडा परत करू म्हंतात," जगन बाहेरूनच म्हणाला. "देवी माजा पोरगा नाचवील. राक्षसाचा काय?"

मंगळूनं मान वर केली नाही. "ते सोंग नको. त्याच्यानंच झाला सगला. डोक्यावर चढला का अंगात येते."

"व्हय," जगन म्हणाला. "आन् त्या व्हिडिओनं बिगडवला आपल्याला."

सावळी तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"सोंगाला हात हाय का रं?" ती नवऱ्याला म्हणाली. "त्या व्हिडिओला हात हाय? मी लोंबकाळले ती कोनाच्या हाताला?"

मंगळूनं पहिल्यांदा जगनच्या हाताकडे बघितलं, पार खांद्यापासून बोटांपर्यंत.

"माज्या," तो म्हणाला. "माजा हात व्हता, जगन."

जगन उंबऱ्यावर येऊन बसला. मंगळू रडायला लागला. माझ्या आत तो आधीही रडला होता, तेव्हा ते फक्त मला ठाऊक होतं. आज तो उघड्या तोंडानं, सगळ्यांसमोर रडत होता.

मी फार थकलोय. बोहाडा करा, नका करू, तुमची मर्जी. पण मला आता कुणाच्या डोक्यावर चढवू नका. चुलीत घाला, दोघांपुरता भात तरी शिजेल.