आजचा साठा

एकतीस गिऱ्हाइकं. त्यातली एकोणीस व्हॉट्सॲपवरचा फोटो पाहून आलेली, आठ दरवर्षीची, तिघांना शेजाऱ्यानं सांगितलेलं, आणि एक जण नांदुऱ्याला निघाला होता तो पाणी प्यायला थांबला नि वांग्याची रोपं घेऊन गेला. वेबसाइट पाहून आलेलं: शून्य.

पुष्पांजलीनं वहीतल्या रेघा पुन्हा मोजल्या. शून्य काही हललं नाही. पिंपळगाव राजाच्या रस्त्यावर भागवतकाकांची रोपांची नर्सरी आहे. तिथल्या शेडनेटच्या दाराशी ती सकाळी आठपासून खुर्ची टाकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून तिच्या अंगी दुसरं काही लागलं असो-नसो, अंदाज करायचा नाही, मोजायचं, ही सवय लागली होती.

“काय निघालं वं तुहं गणित?” काकांनी ट्रे उचलता उचलता विचारलं.

“कोनीच वेबसाइट पाहून नाई राह्यलं, काका.”

“असं कसं? मी रोज सकाळी पाठोतो ना सगळ्याईले.”

त्यांनी करूनच दाखवलं. वेबसाइट उघडली, ‘आजचा साठा’चा स्क्रीनशॉट घेतला, बोटानं वरची पट्टी कापली आणि फोटो अकरा ग्रुपवर सोडून दिला. कापलेल्या पट्टीत तारीख होती.

“तारीख काऊन कापता?”

“तारीख दिसली का दुसऱ्या दिवशी माल शिळा वाटते लोकाईले. हे कसं, कधीबी पाहा, ताजंच.”

पुष्पांजलीनं वही मिटली. वेबसाइटच्या त्या एका पानावर तिनं दीड महिना घालवला होता. मिरचीचं रोप पस्तीस ते चाळीस दिवसांचं असताना शेतात लावावं लागतं. पुढे ते ट्रेमध्ये नुसतं लांबतं नि कामातून जातं. म्हणून तिनं पानावर चारच गोष्टी ठेवल्या होत्या: पीक, रोपाचं वय, शिल्लक आणि तारीख. अक्षरं एवढी मोठी, की उन्हात, धुळीनं माखलेल्या मोबाइलवरही वाचता यावीत. साधं पान होतं. साधं करायलाच वेळ लागला होता.

गेल्या जूनमध्ये निकाल लागला तेव्हा तिनं वेबसाइट बनवण्याच्या कामासाठी बाबांकडे एक वर्ष मागून घेतलं होतं. बाबांचा, म्हणजे वामनरावांचा, भाजीचा मळा; त्यांना वेबसाइट म्हणजे काय ते नीटसं कळलं नव्हतं. पण पोरगी मुदत मागते आहे एवढं कळलं आणि त्यांनी ती दिली. बदल्यात बी.एड.ची प्रवेशपरीक्षा तेवढी देऊन ठेवायला लावली. पहिले तीन महिने तिचा स्वतःचा रानवनस्पतींचा ब्लॉग सजवण्यात गेले. शीर्षकाचा हिरवा रंग ठरेपर्यंत बांधावरची टाकळ्याची फुलं सुकून शेंगा धरल्या. ब्लॉग दिसायला देखणा झाला. लेख दोन झाले. मग परक्या लोकांच्या कामांसाठी त्रेचाळीस अर्ज पाठवले. उत्तरं दोन. एकाला नमुना फुकट हवा होता. दुसरे नांदुऱ्यातलेच शिकवणीवाले सर. त्यांना पान उघडताच स्वतःचा फोटो गरगर फिरायला हवा होता. खरं म्हणावं असं काम एकच, काकांचं.

आता पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं तिला बोलावलं होतं. शिकाऊ डिझायनर, काम घरी बसून. मुलाखत शुक्रवारी अकरा वाजता, कॅमेऱ्यावर. अट एकच: खऱ्या ग्राहकासाठी केलेली, लोक वापरतात अशी एक तरी चालू वेबसाइट दाखवायची. बी.एड.च्या प्रवेशाची शेवटची तारीख शनिवार होती.

“शुक्रवारी हो म्हनले तं मी काई बोलत नाई,” बाबा म्हणाले होते. “नाई म्हनले तं शनिवारी फॉर्म भरू. मंग पुन्हा मुदत नाई, पुष्पा.”

वेबसाइटच्या भेटींचा आकडा रोज अकरा-बारा दाखवायचा. सोमवारी तिनं आपला मोबाइल त्या मोजणीतून वगळला. आकडा दोनवर आला. एक काकांची. दुसरी, कुठल्या तरी यंत्राची आपोआप होणारी फेरी. म्हणूनच मंगळवारी ती वही घेऊन नर्सरीत येऊन बसली होती.

आणि त्याच दुपारी जळगाव जामोदकडचा एक माणूस रिकामा टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या मोबाइलवर स्क्रीनशॉट होता: टोमॅटो, बावीस दिवस, शिल्लक नऊ हजार. फोटो तीन आठवड्यांपूर्वीचा. टोमॅटोचं एक रोप शिल्लक नव्हतं. तो काकांना बोलला ते सगळं पुष्पांजलीनं खुर्चीत बसून ऐकलं. टेम्पो गेल्यावर काका तिच्याकडे वळले.

“तुह्या वेबसाइटनं मले दहा लोकाईत खोटं पाडलं.”

“काका, फोटो जुना होता. वेबसाइटवर आजचंच—”

“मले नोको शिकवू. तो काय बोलून गेला, ऐकलं ना? उद्यापासून राम फ्लेक्सवाला चित्र बनवून देनार हाय. माहा फोटो, मोबाइल नंबर, खलास. तू सकाळी फोन नोको करत जाऊ.”

रोज सकाळी सातला ती फोन करायची, काका साठा सांगायचे, ती भरायची. पान जिवंत होतं ते एवढ्याच दोन मिनिटांवर. बुधवारी फोन झाला नाही. गुरुवारी तिनं केला. काकांनी उचलला नाही. पानावर मंगळवारची तारीख तशीच बसून होती, आणि मुलाखत घेणाऱ्याच्या नजरेला पहिली तीच पडली असती.

शुक्रवारी सकाळी तिनं वही काढली. मिरची मंगळवारी चौतीस दिवसांची होती, आज सदतीस. मंगळवारी शिल्लक सहा हजार सहाशे. रोजची विक्री सरासरी सहाशे. तीन दिवसांचे वजा अठराशे. तिनं भरलं: ‘मिरची, ३७ दिवस, शिल्लक ४,८००.’ वर आजची तारीख. हिशेबात चूक नव्हती. कोणी पाहतही नव्हतं. एवढी दोन कारणं तिला सकाळी सात वाजता पुरली.

मुलाखत घेणाऱ्या प्राची मॅडम तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. पुष्पांजलीनं आठवडाभर आरशासमोर बसून ‘करून राहिले’चं ‘करते आहे’ केलं होतं. मॅडमनी पान उघडलं, वरखाली केलं.

“स्वच्छ आहे. वय आणि शिल्लक शेजारी ठेवलंस, हे आवडलं. रोज किती लोक बघतात?”

अकरा म्हणता आलं असतं. “दोन,” ती म्हणाली. “त्यातले एक मालकच आहेत. दुसरं कुठलं तरी यंत्र.”

मॅडम हसल्या नाहीत. “खरं सांगितलंस. पण मग मला वरिष्ठांना दाखवायला काय आहे? असं कर, एक ग्राहक शोध. तुझी साइट बघून ज्याचं काम झालं, असा एकच. त्याचे दोन शब्द, त्याच्या आवाजात. संध्याकाळपर्यंत पाठव.”

कॅमेरा बंद झाल्यावर तिनं सवयीनं आकडा पाहिला आणि उभीच राहिली. सकाळी सात वाजून वीस मिनिटं: एक भेट. नवीन मोबाइल. सहा मिनिटं. पान खालपर्यंत वाचलेलं. यंत्र सहा मिनिटं थांबत नाही. माणूस होता. तो कोण, कुठला, कसा शोधायचा, याचा विचार करत असतानाच मोबाइल वाजला. काका होते.

“इकडं ये. तुहा मानूस आला.”

ती पोचली तेव्हा शेडनेटच्या सावलीत पांढरं धोतर नेसलेले एक म्हातारे उकिडवे बसले होते. बाहेर भाड्याची गाडी उभी होती, मागचा हौदा झाडून स्वच्छ केलेला. रोहिणखेडचे रंगराव. तिकडून दीड तास लागला होता.

“पुरी मिरची बुधवारी सांजीच नांदुऱ्याच्या एका पार्टीनं उचलली,” काका तिला म्हणाले. “एक रोप नाई. अन् तुह्यात लिवून हाय, चार हजार आठशे. कोनाले इचारून?”

रंगरावांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिचंच पान होतं, उन्हातही वाचता येणारं. “पोरीनं शोधून देल्लं मले. तुमी केलं काय हे, बाई? लई साजरं केलं. कोनाले काई इचारा लागलं नाई, सगळं समजलं. फोन लावला होता सकाळी, लागला नाई.” आवाजात राग नव्हता. “फोटोईवर माहा भरोसा नाई. कधीचा असते, काय माईत. तुमच्यात आजची तारीख होती. म्हनून निघालो.”

तिच्या हातात मोबाइल होता. तिला हवे होते ते दोन शब्द हेच होते, त्याच्याच आवाजात. बटण दाबून पुन्हा म्हणायला सांगितलं असतं तर म्हातारा म्हणालाही असता. साऱ्या जिल्ह्यात असा माणूस एकच होता आणि तो तिच्यासमोर बसला होता.

“बाबाजी,” ती म्हणाली, “ते आकडे म्या टाकले. मनानं.”

“मनानं?”

“हिशेब करून. इथं कोनाले न इचारता.”

रंगरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. त्यांना कुठला तरी शब्द नीट ऐकू आला नसावा, असं काही क्षण वाटलं. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

“वावरात लावनीले सहा बाया येऊन बसल्या हायेत,” ते गाडीवाल्याला म्हणाले. “चाल बापा.”

रिकामा हौदा खडखडत रस्त्याला लागला. काका पाइप घेऊन ट्रेंना पाणी मारू लागले.

परतीच्या बसमध्ये तिनं साठ्याचा तक्ता काढून टाकला आणि त्या जागी लिहिलं: ‘साठ्याची माहिती बंद आहे.’ पाच वाजता प्राची मॅडमचा मेसेज आला: ‘मिळाला का कोणी?’ तिनं बराच वेळ विचार करून ‘नाही’ असं लिहिलं. ‘ठीक आहे, पुढे कधी काम निघालं तर कळवते,’ असं उत्तर आलं. झोपण्याआधी आकडा पाहिला. दुपारी सव्वादोन: एक भेट. सकाळचाच मोबाइल. चार सेकंद.

शनिवारी सकाळी वामनराव पायताण घालून ओसरीत उभे होते.

“मार्कशीटच्या झेरॉक्स किती लागतीन?” तिनं विचारलं.

“दोन म्हने,” ते म्हणाले. “तीन घेऊ.”