खालची बाजू

फिजिओथेरपिस्ट यिल्डाऊने वाकून निळी स्प्रिंग सोडवली आणि बाजूला टांगून ठेवली. सरकत्या बाकाखाली आता एकच उरली, पिवळी, सगळ्यांत हलकी. गुडघे बाकावर आणि तळहात समोरच्या दांडीवर टेकून रेन्स्के हे पाहत होती. एप्रिलमध्ये तिला तीन स्प्रिंगा होत्या. जूनमध्ये दोन.

"हं, आता बाक मागे ने. सावकाश. कंबर हलू देऊ नकोस."

बाक सर्रकन मागे गेला. रेन्स्केच्या पोटाला कंप सुटला, दंड थरथरले. मागच्या आठवड्यात ते असे थरथरत नव्हते. तिने श्वास रोखून धरला.

"श्वास घे गं!"

शेजारच्या बाकावर मेनेर, म्हणजे श्रीयुत, वीरस्मा उताणे पडून दोन्ही पायांनी दांडी ढकलत होते. जन्मभर मालवाहू बोट चालवलेला हा म्हातारा सहा महिन्यांपासून दर गुरुवारी पिलाटेसच्या व्यायामाला येत असे, आणि पाठ सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलत असे.

"एकच राहिली का तुला?" त्यांनी मान वळवून विचारले. "माझ्याकडे बघ, चार! पुढच्या आठवड्यात तुला केसांचा रबर लावतील."

"तुमचे गुडघे कुठं चाललेत ते बघा, मेनेर," यिल्डाऊने दटावले.

रेन्स्के हसली, पण तिचे लक्ष बाकाखाली होते. आज तास संपल्यावर यिल्डाऊ रेन्स्केच्या कामावरच्या डॉक्टरांना पत्र लिहिणार होती. रेन्स्केने पुन्हा रुग्णवाहिकेवर जायचे, की नियंत्रण कक्षात फोन घेत बसायचे, हे त्या पत्रावर ठरणार होते. एकोणीस वर्षे ती गाडीवर होती. मार्चमध्ये एका घराच्या जिन्यात तिची पाठ धरली, तेव्हापासून ती गाडीत चढली नव्हती. तिच्या जागी आलेला माणूस दिवसभर लिकोरिसच्या काळ्या गोळ्या चघळतो आणि वळणावर ब्रेक मारतो, असे तिचा गाडीवरचा जोडीदार डाऊवे दर आठवड्याला कळवत असे. जिन्याबद्दल तो कधीच काही लिहीत नसे.

रोज सकाळी ती फरशीवर चटई टाकून शिकवलेले सगळे करत होती. एकही दिवस चुकला नव्हता. आता ती सायकलवर बसू शकत होती, बूट स्वतः बांधत होती. तरी स्प्रिंगा कमीच होत चालल्या होत्या.

"पत्रात काय लिहिणार आहेस?" तिने विचारले. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"का गं?"

"तीनावरून एकावर आणलंस मला. मला झेपत नाही, असंच ना?"

 यिल्डाऊ बाकाशेजारी उकिडवी बसली.

"म्हणजे इतके महिने तुला असं वाटत होतं? अगं, मेनेर पायांनी ढकलतात, त्यांना जास्त स्प्रिंगा म्हणजे जास्त जोर. तुझं उलटं. या व्यायामात स्प्रिंग बाकाला धरून ठेवते. मी एक काढली, की तेवढं तुला स्वतः धरावं लागतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"पहिल्या दिवशी मला नाव विचारलं असतंस, तरी मी हो म्हटलं असतं."

"म्हणजे मी उगाच चार स्प्रिंगांचा तोरा मिरवत होतो," वीरस्मा छताकडे बघत म्हणाले.

यिल्डाऊने कागद अडकवलेली फळी मांडीवर घेतली. "सोमवारपासून गाडीवर, पूर्ण काम. माझ्याकडून एवढंच. आणि हा नेहमीचा प्रश्न: टाळतेस अशी एखादी हालचाल?" तिने उत्तराची वाट न पाहता 'नाही' लिहायला घेतले. दर वेळी तेच उत्तर असे.

रेन्स्केने दांडी सोडली नव्हती.

"थांब," ती म्हणाली.

पेन थांबले.

"जिना. खुर्चीतला माणूस उतरवताना. मी खालच्या बाजूला असते, वजन माझ्यावर येतं. मार्चमध्ये पाठ धरली, ते खरंय. पण त्याआधी माझे हात सुटले. आधी हात, मग पाठ. डाऊवेनं वरून खुर्ची ओढून धरली. खुर्चीतल्या बाईंना काही झालं नाही, त्यांची एक सपात तेवढी घरंगळत खाली गेली. अहवालात मी फक्त पाठ लिहिली."

वीरस्मांचा बाक थांबला होता.

यिल्डाऊने लिहिलेला अर्धा शब्द खोडला नाही आणि पुराही केला नाही. ती उठली, प्रतीक्षाकक्षातली लाकडी खुर्ची आणली आणि तिच्यावर वाळूच्या दोन पिशव्या पट्ट्याने आवळून बांधल्या. बाहेर वरच्या मजल्यावर जाणारा जिना होता, इथल्या सगळ्या जुन्या घरांसारखा उभा आणि अरुंद. दोघींनी मिळून खुर्ची वरच्या पायरीपर्यंत नेली.

"मी बसलो असतो की खुर्चीत," खालून वीरस्मांचा आवाज आला. "नव्वद किलो. उपाशीपोटी."

"मी खाली धरते," यिल्डाऊ म्हणाली. "तू वर राहा."

"नको. वर तू."

रेन्स्के खुर्चीला वळसा घालून दोन पायऱ्या उतरली आणि वळली. तिने खुर्चीचे पुढचे पाय धरले, गुडघ्यांत वाकली. पाठीमागे बारा पायऱ्या होत्या, त्या दिसत नव्हत्या.

"आणि सुटतंय असं वाटलं तर?" यिल्डाऊने विचारले.

रेन्स्केने श्वास सोडला.

"तर ओरडेन," ती म्हणाली, आणि मागचा पाय उचलून खालची पायरी चाचपू लागली.