बाबांचे दोन थेंब आणि ताईचा ब्रेक

ताईची सायकल उतारावरून खाली यायला लागली की गल्लीतली कुत्री आधी कान पाडायची, मग भुंकायची. डिस्क ब्रेक इतका किंचाळायचा की पेपर टाकणारा एकदा म्हणाला, "ताई, तुम्ही घंटी विकून टाका. गरजच नाही."

ताईला हसू यायचं नाही. ती काम करते त्या दवाखान्यातले पेशंट तिला ब्रेकवरून ओळखायला लागले होते.

आणि मी? मी सायकली दुरुस्त करायला स्वतःच शिकलोय. व्हिडिओ बघायचा, बिघडवायचं, परत बघायचा. उताराच्या पायथ्याशी सायकलचं दुकान आहे, तिथे मला कामाला लागायचं होतं. मालक कानात काडी घालत म्हणाले, "व्हिडिओमास्तर, आधी घरची सायकल गप्प कर. पुढच्या शनिवारी नऊला तुझी ताई इथून जाईल ना? आवाज आला तर विषय संपला. नाही आला तर सोमवारपासून ये."

झालं. लागलो कामाला.

खरं तर मी हात लावेपर्यंत नुसतं बारीक चिकचिक होतं, गल्ली हादरवणारी किंचाळी नंतरची. मी डिस्क स्पिरिटने पुसली. संध्याकाळी चक्कर मारली, एकदम गप्प. सकाळी ताई निघाली आणि डबल बोंब! पॅड बदलले. संध्याकाळी गप्प, सकाळी बोंब. परत पॅड बदलले. तेच.

"तू हात लावलास की जास्तच ओरडते," ताई म्हणाली. "आणि लागतही नाही नीट. काल दूधवाल्याच्या कॅनला टेकूनच थांबले मी. शनिवारपर्यंत नाही जमलं तर मी बसने जाईन."

शुक्रवारी सकाळी तोंडात ब्रश धरून बाहेर आलो, तर बाबा सायकलपाशी उकिडवे बसलेले. हातात तेलाची कुपी.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. आयुष्यभर तेच केलंय. आमच्या घरात कायदा एकच: आवाज आला की थेंब. बिजागरीला थेंब, पंख्याला थेंब. आई म्हणते, "माझे गुडघे वाजतात हे यांना सांगू नका रे."

"बाबा! ब्रेकला तेल?"

"हळू बोल. दोनच थेंब टाकलेत. रोज टाकतो."

माझ्या तोंडातला फेस खाली पडला. "रोज?"

"मग काय! तू इतका खपतोयस आणि आवाज जाईना. म्हटलं, पोराला कळू न देता आपण जरा हातभार लावावा. तुझी नोकरी आहे ना त्यावर."

काखेत कळसा म्हणतात तो हा. आठ दिवस मी व्हिडिओत चोर शोधत होतो आणि चोर रोज मला चहा ओतून देत होता. ओरडणार होतो मी. पण त्यांचा चेहरा बघितला, जमलंच नाही.

"बाबा, मशीन पळायला हवं म्हणून तिला तेल. ही थांबायला हवी. ब्रेक घासला तरच थांबते. तेल पॅडमध्ये मुरलं की पकडही जाते आणि बोंबही मारतो."

बाबांनी कुपीचं झाकण हळूच लावलं. "म्हणजे पोरगी त्या कॅनवर आदळली ती माझ्यामुळे?"

"टेकली फक्त. आदळली नाही."

ते उठून आत चालले. मी म्हणालो, "जाताय कुठे? ते पहिलं चिकचिक अजून मला सापडलेलं नाही. तुमचे कान द्या."

थांबले. मग चष्मा पुसला, बाही सारली, आणि बसले.

डिस्क दोनदा स्पिरिटने पुसली. पॅडची माझ्याकडची शेवटची जोडी बसवली, तीही हात धुऊन. बाबांनी चाक फिरवलं आणि डोळे मिटले.

"डावीकडे घासतंय. केसभर."

मला दिसत पण नव्हतं! त्यांनी ब्रेकचे दोन्ही स्क्रू सैल केले, सुयांच्या पाकिटाचा कागद फाडला, दोन्ही पॅड आणि डिस्कच्या मध्ये एकेक पट्टी सरकवली. "आता तू ब्रेक दाबून धर. मी स्क्रू आवळतो. पाव फेरा याला, पाव त्याला. घाईत आवळलंस की सरकतं." पट्ट्या काढल्या. चाक फिरलं. काहीच नाही. नुसती हवा.

मग नवे पॅड रुळवायला मी मैदानात गेलो. जोरात पळवायची, हळू करायची, पूर्ण थांबवायची नाही. वीस वेळा. बाबा कट्ट्यावर बसून मोठ्याने मोजत होते. सतराला चुकले, परत सतरा म्हणाले. म्हणून एकवीस वेळा.

शनिवार. मी दुकानात. मालक रस्त्याकडे पाठ करून चाकाच्या तारा आवळत होते. "डोळे कशाला हवेत? तुझी ताई आली की सगळ्या गल्लीला कळतं."

नऊ. नऊ वाजून चार.

"काय रे, आज सुट्टी का तिला?"

"काका, मागच्या चाकात हवा भराल?"

मालक दचकून वळले. ताई त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर उभी! अख्खा उतार उतरून आलेली. मी श्वाससुद्धा घेतला नव्हता, आता घेतला.

मालकांनी सायकल उचलली, चाक फिरवलं, ब्रेक दाबला. चाक जागीच गप्प. कान जवळ नेला, परत फिरवलं.

"कोणी जुळवलं हे?"

"मी आणि बाबांनी."

"हं." काडी परत कानात. "सोमवारी साडेआठला ये. आधी झाडू, मग पाना. आणि तुझ्या बाबांना विचार, शनिवार-शनिवार येतील का."

ताईने जाता जाता मुद्दाम घंटी वाजवली. तीनदा.

मी घरी पळत सुटलो. दार ढकललं, ते करकरलं. बाबा कुपी घेऊन आलेच. बातमी ऐकली, डोळे चमकले, पण कुपी बिजागरीपाशी नेऊन थांबले आणि मला विचारतात,

"इथे चालेल ना, मेकॅनिक?"

"चालेल बाबा. तीन टाका."