अर्धी भोकं बुजलेली झारी

मित्रांनो, गच्चीच्या कोपऱ्यात पालथी घातलेली, पोचे आलेली पत्र्याची झारी दिसते ना, ती मी. कारागिराने मला घडवलं तेव्हा माझ्या तोंडाला चाळणीसारखी साठ भोकं होती आणि माझा तोरा काही विचारू नका.

माझी मालकीण निवृत्त परिचारिका. घरात सगळे तिला ताई म्हणतात. तिचा धाकटा भाऊ छापखाना चालवतो आणि कायम घोड्यावर बसलेला असतो. गच्चीचा कठडा झटपट रंगवून टाकू म्हणून त्यानेच एकदा माझ्यात चुना कालवला. कठडा काही रंगला नाही, माझी निम्मी भोकं मात्र बुजली. तेव्हापासून माझ्यातून पाणी अगदी हळू येतं. मी लाजेने अर्धी झाले, पण ताईने मला टाकलं नाही. पाणी पडेपर्यंत ती प्रत्येक कुंडीपाशी उभी राहायची, मुंग्यांची रांग बघायची, पानांखाली डोकवायची. दोनच टोमॅटो पिकले तरी त्यातला एक शेजारणीकडे जायचा. इतकी श्रीमंत बाई मी दुसरी पाहिली नाही.

भावाला गच्चीवर कागदाचे गठ्ठे ठेवायला शेड हवी होती. कुंड्यांनी जागा अडवली, हे त्याचं पालुपद. अशातच ताईचा हात मोडला. प्लास्टर घातल्यावर ती भावाला म्हणाली, "तीन आठवडे झाडांना तू पाणी घाल. झारीच्या तोटीतूनच घालायचं, भसाभसा ओतायचं नाही. त्यानंतरही तुला शेड हवी असेल, तर मी कुंड्या काढते."

माझा संथपणा आता झाडांच्या मुळावर येणार, असं वाटलं.

पहिले चार दिवस त्याने एका हातात मला धरलं आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मला नावं ठेवली ती वेगळीच. पाचव्या दिवशी तो मोबाइल खाली विसरून आला. उभं तर राहायचंच होतं, मग नजर लिंबाच्या झाडाकडे गेली. दुसऱ्या दिवशी तो मोबाइल मुद्दाम खाली ठेवून आला आणि आधी कळ्या मोजू लागला. मग एके दिवशी सतरा झाल्या, कालच्यापेक्षा चार जास्त, हे त्याने जिन्यातूनच ताईला ओरडून सांगितलं.

तीन आठवड्यांनी पत्रेवाला शेडचं माप घ्यायला आला. भावाने एकदा लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. मग म्हणाला की शेड राहू दे, गठ्ठे छापखान्यातच रचू. ताई मोकळा झालेला हात चोळत दारात उभी होती, ती नुसती हसली. निघताना पत्रेवाल्याने मला पाहिलं. दोन मिनिटांचं काम आहे, भोकं मोकळी करून देतो, म्हणाला.

भावाने मला उचलून पाठीमागे धरलं.

"नको," तो म्हणाला. "मला घाई नाही."

मित्रांनो, साठच्या साठ भोकं उघडी होती तेव्हाही मला इतकं भरून आलं नव्हतं. तुमच्या घरी झारी असेल तर काम झाल्यावर तिला पालथी ठेवा, म्हणजे तळ गंजत नाही. आणि पाणी संपेपर्यंत कुंडीपाशीच उभे राहा. तेवढ्यावर आमचं भागतं.